फुटला की फोडला? अपयशाच्या एसेसाठी प्रसंग कसा निवडावा

प्रश्न: मी इचलकरंजीची, बारावी सायन्सला आहे. कॉमन ॲपवरून, म्हणजे एकाच ऑनलाइन फॉर्मवर, अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांना अर्ज करणार आहे. अर्जातल्या एसेसाठी अपयशाचा प्रॉम्प्ट (ठरवून दिलेल्या प्रश्नांपैकी एक) घ्यावा असं वाटतंय, पण माझ्याकडे सांगण्यासारखं अपयशच नाही. दहावीला 96 टक्क्यांची अपेक्षा होती, 91.40 पडले. शाळेच्या खो-खो संघाची कॅप्टन होते, जिल्ह्याच्या सेमीफायनलला हरलो. बाबा खर्चीवर (दुसऱ्याच्या सुताचं कापड मजुरीवर विणून देत) माग चालवायचे, दोन वर्षांपूर्वी ते भंगारात विकावे लागले. बाकी किरकोळ आहे. गल्लीतल्या मुलांसाठी आमच्या ओसरीत वाचनालय काढलं होतं. मुलं पुस्तकं वेळेवर परत करेनात म्हणून दिवसाला दोन रुपये दंड लावला, मग मुलं येईनाशी झाली आणि सहा महिन्यांत ते बंद पडलं. यातलं कोणतं घेऊ, मॅडम?

उत्तर:

शेवटचं घे. ज्याच्याआधी तू 'बाकी किरकोळ आहे' असं लिहिलंस, तेच.

गेली सोळा वर्षं मी मुलांचे एसे वाचतेय. आता सवयच लागलीय की अशी यादी आली की वरचे दोन-तीन प्रसंग सोडून आधी शेवटच्या ओळीवर जायचं. वरचे प्रसंग घरात, नातेवाइकांत, क्लासच्या सरांसमोर सांगून सांगून गुळगुळीत झालेले असतात. दहावीचे मार्क तू आत्याला सांगितले असशील, मावशीला सांगितले असशील, समोरच्या काकूंना जिन्यात सांगितले असशील, आणि प्रत्येक वेळी 'पेपर कडक तपासले' हे शेपूटही लावलं असशील. वाचनालयाचं तुला कुणी विचारलंच नसेल. त्यामुळे ते अजून कच्चं आहे, आणि त्यात काहीतरी सापडायची शक्यता आहे.

आता तुझंच वाक्य परत वाच. दंड 'लावला' म्हणताना कर्ता तू आहेस. पुढच्याच दमात मुलं 'येईनाशी झाली' आणि वाचनालय 'बंद पडलं'. तू कुठे गेलीस?

मराठी या बाबतीत फार सोयीची भाषा आहे. आपल्याकडे ग्लास फुटतो, तो कुणी फोडत नाही. दूध उतू जातं, किल्ली हरवते, फॉर्म भरायचा राहून जातो. 'माझ्या हातून चूक झाली' म्हणताना चूक आपली आपण होते आणि हात बिचारा तिथे नुसता हजर असतो. घरातली भांडणं टाळायला ही सोय उत्तम आहे, मीही रोज वापरते. पण अपयशाच्या एसेत वाचणाऱ्याला, म्हणजे कॉलेजच्या प्रवेश-अधिकाऱ्याला, नेमकं तेच बघायचं असतं: ग्लास फुटला, की तू फोडलास?

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एक काम लावते. प्रसंग मराठीत पाच-सहा ओळींत लिहायचा आणि मग फक्त क्रियापदं बदलायची. पडलं असेल तिथे पाडलं, बुडालं तिथे बुडवलं, तुटलं तिथे तोडलं, राहून गेलं तिथे 'मी केलं नाही'. मग ते मोठ्याने वाचायचं. वाक्य धादांत खोटं वाटलं, तर ते तुमचं अपयश नव्हतंच, ती तुमच्यावर आलेली वेळ होती. वाक्य खरं आहे पण ते वाचताना जीभ कुठेच अडखळत नाही, तर प्रसंग बोथट आहे. खरं आहे आणि आई स्वयंपाकघरातून ऐकतेय म्हणून आवाज आपोआप खाली आला, तर तो प्रसंग ठेवायचा.

तुझ्या यादीला हे लावून बघ. 'मी बाबांचे माग भंगारात घालवले.' खोटं आहे. खर्चीवर माग चालवणाऱ्या किती घरांत हे झालंय ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. ते तुझं अपयश नाही, बाबांचंही असेलच असं नाही. पण म्हणून ते अर्जातून गाळू मात्र नकोस. कॉमन ॲपमध्ये ज्यादा माहितीसाठी वेगळी जागा असते. तिथे साध्या चार-पाच ओळी लिही: कधी झालं, घरात काय बदललं, तुझा क्लास सुटला का, घरातलं कुठलं काम तुझ्याकडे आलं. विशेषणं नकोत, हिशेब लिहिल्यासारखं लिही. शिवाय शाळा-कॉलेजकडून जे कौन्सेलरचं पत्र जातं त्यातही हे यायला हवं. आपल्याकडे बहुतेक ज्युनिअर कॉलेजांत कौन्सेलर नावाचं माणूसच नसतं, ते काम प्राचार्य किंवा एखादे सर करतात, आणि त्यांना तुझ्या घरचं काही ठाऊक नसतं. तू जाऊन सांगितलंस तरच ते लिहितील. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला अर्ज करणार असशील तर तिथला अर्जच वेगळा आहे. आठ प्रश्नांतले चार निवडायचे, प्रत्येकाला 350 शब्दांची मर्यादा. त्यातला एक प्रश्न असा आहे: तुझ्यासमोर आलेलं सर्वांत मोठं आव्हान कोणतं, त्यातून वाट काढायला तू काय केलंस, आणि त्याचा अभ्यासावर काय परिणाम झाला. मागांची गोष्ट तिथे तिच्या हक्काच्या जागी बसते.

दहावीच्या टक्क्यांवर मी फार वेळ घालवणार नाही. गुणपत्रिका अर्जासोबत जातेच. 91.40 टक्क्यांचं दुःख आपल्या जिल्ह्याबाहेर कुणाला कळत नाही, आणि ज्याला कळतं त्यालाही ते 650 शब्द ऐकायचं नसतं.

खो-खोबद्दल मात्र एक शंका आहे. हरलेले सामने या वाचकांकडे ढिगाने येतात, त्यामुळे 'हरलो, रडलो, पुन्हा सरावाला लागलो' हे नको. पण कॅप्टन म्हणून संरक्षणाच्या पहिल्या तुकडीत कोणत्या तिघी पाठवायच्या हे तू ठरवलं असशील ना? तिथे चपळ मुलगी बाकावर बसवून मैत्रिणीला पाठवलं होतंस का? तसं काही असेल तर मला कळव, माझं मत बदलू शकतं. नसेल तर तो फक्त हरलेला सामना आहे.

आता प्रॉम्प्टबद्दल, कारण पुष्कळ मुलांचा समज असतो की हाच घ्यावा लागतो. कॉमन ॲपवर सात प्रॉम्प्ट असतात, एकच निवडायचा असतो, आणि सातवा तर 'कोणताही विषय' असा आहे. किमान 250 आणि कमाल 650 शब्द. 2013 साली ही 650 शब्दांची नवी पद्धत आली तेव्हा या प्रश्नात फक्त अपयश हा शब्द होता. 2017 पासून त्याच्या शेजारी आव्हान आणि पीछेहाट हे दोन शब्द येऊन बसले, आणि तेव्हापासून मुलं त्या दोन शब्दांच्या आडोशाला जाऊन उभी राहतात. वादळ आलं, मी तरलो, किनाऱ्याला लागलो. माझं मत विचारशील तर, हा प्रॉम्प्ट घ्यायचा तर अपयशासाठीच घ्यावा. धाडस होत नसेल तर उरलेले सहा आहेतच, त्यात कमीपणा काही नाही. एमबीएवाल्यांना ही पळवाट दर ठिकाणी मिळत नाही. फ्रान्समधल्या इन्सीआडसारखी एमबीएची संस्था अभिमान वाटेल अशी एक कामगिरी आणि त्याच दमात एक अपयश विचारत आली आहे. तिथे आयटीतली मंडळी जे लिहितात ते वाचून मला हसू आवरत नाही. 'मी कामात इतका काटेकोर होतो की टीमला त्याचा ताण आला.' अपयशाच्या ताटात स्वतःच स्वतःला वाढलेलं पक्वान्न!

प्रसंग लहान आहे याची काळजी तर तू करूच नकोस. सतराव्या वर्षी प्रसंग लहानच असायला हवेत. एका मुलाची गोष्ट सांगते, त्याच्या परवानगीने आणि ओळख लागणार नाही इतपत तपशील बदलून. पुण्यातला मुलगा, कॉलेजच्या पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेला लाइट्स करायचा. त्याच्या पहिल्या खर्ड्यात होतं की आमची एकांकिका अंतिम फेरीत गेली नाही, आम्ही खूप खचलो, मग संघभावना कळली. मी क्रियापदं बदलायला लावली तेव्हा 'मी एकांकिका पाडली' हे त्याला पटेना. खरंच त्याने पाडली नव्हती, त्या वर्षी इतर एकांकिका जास्त चांगल्या होत्या. पण विचार करता करता तो म्हणाला, एक वाक्य खरं आहे: 'मी तिला अंधारात उभं केलं.'

झालं होतं असं की आदल्या रात्री तालीम संपल्यावर त्याने क्यू शीटवर (कुठल्या वेळी कुठला लाइट लावायचा त्याच्या यादीवर) एक बदल केला. शेवटच्या प्रसंगात लाइट डाव्या बाजूने यायचा होता, त्याने तो मागून आणायचं ठरवलं. पेन्सिलीने जुना क्यू खोडला, नवा लिहिला. दिग्दर्शकाला सकाळी सांगू म्हणाला, नायिकेला सांगायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही. प्रयोगात ती नेहमीच्या जागी येऊन उभी राहिली, आणि शेवटची चार वाक्यं तिने काळोखात म्हटली. गंमत अशी की नंतर दिग्दर्शक म्हणाला, क्यू तुझाच बरोबर होता, दिसायला तोच चांगला दिसला असता. मला हा प्रसंग आवडला तो यासाठी. चुकीचा निर्णय घेऊन चुकणं सगळ्यांना जमतं. याचा निर्णय बरोबर होता आणि तरी एक माणूस अंधारात उभं राहिलं.

पुढे काय झालं? त्याने लिहिलं होतं की आता मी संवादाचं महत्त्व जाणतो. मी ते खोडलं आणि विचारलं, असं तू आणखी कुठे केलंयस? तो दोन दिवसांनी आला. आजीच्या गोळ्या सकाळ-दुपार-रात्र अशा तीन डब्यांत त्याने स्वतःच्या हुशारीने नव्याने लावून ठेवल्या होत्या, आजीला न सांगता. आजीचा हात सवयीने जुन्या डब्याकडे जायचा. एसेचा शेवट तिथे झाला: तो आणि आजी जेवणाच्या टेबलावर तिन्ही डबे रिकामे करून बसलेत, कुठली गोळी कुठे जायची ते आजी सांगतेय, तो फक्त भरतोय. त्यात 'शिकलो' हा शब्द एकदाही नाही.

तुझा एसेही असाच व्हावा असं मी म्हणत नाही. पण प्रसंग निवडताना एवढं बघ की तुझी ती वागणूक दुसऱ्या एखाद्या ठिकाणीही सापडते का. एकदाच झालं तर तो अपघात असतो. दोनदा दिसलं तर तो तुझा स्वभाव आहे, आणि वाचणाऱ्याला स्वभावच जाणून घ्यायचा असतो. त्याच्या हातात तुझ्या फाइलसाठी मोजकी मिनिटं असतात, त्यात मार्क, पत्रं, उपक्रम सगळं येतं. माणूस दिसायची जागा एवढीच.

काही प्रसंग घेऊ नयेत, ते झटपट सांगते. परीक्षेत कॉपी केली, कुणाच्या नावाने खोटी सही केली, कुणाला छळलं, असले प्रसंग कितीही प्रामाणिकपणे लिहिले तरी वाचणारा विचार करतो की हा मुलगा आमच्या होस्टेलवर येणार आहे. ते कबुलीजबाब देवासमोर किंवा मित्रासमोर द्यावेत. ज्या दुःखातून तू अजून बाहेर आली नाहीस तेही नको, पण त्यामागचं कारण निराळं आहे: लिहिताना तुलाच ते पुन्हा उकरावं लागेल, आणि 650 शब्दांत ते बांधूनही होणार नाही. आणि ज्यात दुसऱ्या कुणाची अब्रू जाते ते नको. तुझ्या वाचनालयात येणाऱ्या एखाद्या मुलाच्या घरची परिस्थिती तू लिहिणार असशील, तर त्या मुलाचं नाव, घर, काही ओळखू येता कामा नये.

शाळेतल्या निबंधाचं भूत तर आधी उतरवावं लागेल. 'अपयश ही यशाची पहिली पायरी' हे मी स्वतः सातवीत फळ्यावर रंगीत खडूने लिहिलंय, खाली वेलबुट्टीसकट. सुरुवातीला सुविचार, मधे तीन परिच्छेद, शेवटी 'म्हणूनच म्हणतात ना'. आपल्या हाताला हे इतकं वळण लागलंय की मी मुद्दाम निबंध हा शब्दच वापरत नाही, एसे म्हणते. त्या वळणाची सगळ्यांत वाईट खोड म्हणजे त्याच परीक्षेत, त्याच स्पर्धेत पुढच्या वर्षी पहिला नंबर आणून गोष्ट संपवणं. तसं खरंच झालं असेल तरी एसेत ते बक्षीस समारंभासारखं वाटतं.

आता माझंच एक फोडलेलं सांगते, म्हणजे तुला बरं वाटेल. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे कोकणातला एक मुलगा आला होता, एका शिष्यवृत्तीसाठी. त्याच्या घरच्यांनी उधारीवर घेतलेली होडी त्याच्या निष्काळजीपणाने किनाऱ्यावर आपटली होती, त्याबद्दल त्याने तुटक्या इंग्रजीत लिहिलं होतं. मी ते सुधारलं. मग आणखी सुधारलं. तिसऱ्या खेपेला त्यात एक वाक्य मी घातलं, जबाबदारी आणि समुद्र यांच्यावर काहीतरी, मला तेव्हा फार आवडलं होतं. मुलाखतीत समितीतल्या एकांनी नेमकं तेच वाक्य वाचून दाखवलं आणि विचारलं, म्हणजे काय? त्याला सांगता येईना, कारण ते त्याचं नव्हतंच. शिष्यवृत्ती मिळाली नाही. तो मला काही बोलला नाही, उलट पेढे घेऊन आला होता, दुसरीकडे प्रवेश मिळाल्याचे. मी त्याचा एसे बिघडवला, असं म्हणायला मला चार वर्षं लागली. तोवर मी 'तिथे जरा जास्त एडिटिंग झालं' असंच म्हणायचे. बघ, झालं!

तेव्हापासून मी मुलांच्या खर्ड्यात एक शब्दही लिहीत नाही, फक्त प्रश्न विचारते. एआयकडून लिहून घेण्याबद्दल तू विचारलं नाहीस, तरी सांगते: तसा मजकूर स्वतःचा म्हणून देणं कॉमन ॲपच्या नियमांत फसवणुकीत मोडतं. आणि नियम बाजूला ठेवला, तरी तुझ्या ओसरीत काय झालं ते त्याला कुठून कळणार?

तर ओसरी. तिथे जाऊ या.

दिवसाला दोन रुपये. ऐकायला काहीच नाही. पण पुस्तक तेवीस दिवस उशिरा आलं तर 46 रुपये होतात. लहान मुलांच्या कितीतरी पातळ पुस्तकांची किंमत त्याहून कमी असते. तिसरीतलं पोर आईकडे 46 रुपये मागेल, की पुस्तक गादीखाली लपवून तुमच्या दारासमोरून जायचंच बंद करेल? हा हिशेब तू तेव्हा केला होतास का? नसशील केला, तर तिथेच थांबून लिही, कारण तुझा निर्णय तिथे आहे. दंडाची पाटी कुणी लिहिली, कशावर, कुठे टांगली? पहिला दंड कुणाकडून घेतलास, आणि त्या वेळी त्याने काय केलं? तू आतून खूश झाली होतीस का? मला वाटतं झाली असशील. नियम लावणाऱ्याला सुरुवातीला फार बरं वाटतं.

आणखी एक, पण जपून. माग दोन वर्षांपूर्वी विकले. वाचनालय कधीचं? तारखा जुळत असतील तर गल्लीत कितीतरी घरांत तेव्हा पैशाची ओढाताण असणार, तुमच्याही. अशा वेळी तू मुलांकडे पैसे मागत होतीस. पुस्तकं फाटली तर नवी घेता येणार नाहीत म्हणूनही तू कडक झाली असशील. जुळत असेल तर मागांची गोष्ट एका वाक्यात, कुठेही न रडता, या एसेत येऊन जाईल. जुळत नसेल तर ओढूनताणून जुळवू नकोस.

मग पुढे काय केलंस, याबद्दल तुझ्या प्रश्नात एक शब्द नाही. काहीच केलं नसेल तर तसं सांग. एसेसाठी वाचनालय पुन्हा सुरू करू नकोस, ही माझी विनंती नाही, तंबी आहे. दर वर्षी ऑक्टोबरात असले उपक्रम पावसाळी छत्र्यांसारखे उगवतात आणि वाचणाऱ्याला ते लगेच ओळखू येतात. त्यापेक्षा आठव, त्यानंतर तू आणखी कुठे नियम केलेस? खो-खोच्या सरावाला उशिरा येणाऱ्या मुलींना मैदानाला फेऱ्या मारायला लावायचीस का? तिथे काही बदललं का? की तिथेही दोन रुपयेच होते, फक्त फेऱ्यांच्या रूपात? काहीही उत्तर आलं तरी चालेल. बदल न झाल्याचंही लिहिता येतं, ते लक्षात यायला वेळ लागला हेही लिहिता येतं. आणि खो-खो असा मागच्या दाराने आत आला तर तो मला चालेल.

शब्दांचं म्हणशील तर पहिल्या शंभर शब्दांत आपण पाटीपर्यंत पोचलेलो हवं. वाचनालय काढायची प्रेरणा, पुस्तकांचं महत्त्व, हे सगळं कापायचं. निम्म्याहून थोडे जास्त शब्द दंडाच्या त्या काही आठवड्यांना दे, तिथे घाई करू नकोस. उरलेले नंतरच्याला. लिहून झाल्यावर शेवटचा परिच्छेद हाताने झाकून वाच. तरीही पूर्ण वाटलं, तर झाकलेला भाग काढून टाक.

पहिला खर्डा मराठीतच कर, तुझ्या बोलण्यातल्या मराठीत. इंग्रजी नंतर, आणि तेही तू वर्गात बोलतेस तेवढंच. गल्ली, ओसरी हे शब्द तसेच ठेव, आगेमागे असं लिही की अर्थ आपोआप कळेल.

आणि वाचनालयाची वही असेल ना, कुणी कुठलं पुस्तक नेलं त्याची? ती अजून घरात असेल तर शोध. नसेल तर आईला विचार, रद्दीत गेली असेल तर कधी गेली ते विचार. वहीत सर्वांत जास्त दंड कुणाचा दिसतो, ते पुस्तक कोणतं, आणि ते परत आलं का, एवढं मला रविवारपर्यंत लिहून पाठव. इंग्रजीत नको. एकूण दंड किती जमा झाला होता तेही बेरीज करून कळव. माझा अंदाज आहे, शंभराच्या आत.